लॅपटॉपची पेस्ट बदलायच्या आधी पॅडची जाडी मोजा

चैत्र लागला की अकोल्यात घरोघरी एकच काम निघतं. कूलर खाली काढायचा, मागच्या वर्षीची गवताची ताटी फेकायची, पंपावर चढलेला खार खरवडायचा आणि नवी ताटी बसवायची. मी त्याच रविवारी लॅपटॉपही खोलते. पंखा दरवर्षी साफ होतो, पेस्ट (चिप आणि तिच्यावरच्या तांब्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) आणि पॅड (आजूबाजूच्या भागांवरचे त्याच कामाचे मऊ रबरी तुकडे) दोन-तीन वर्षांतून एकदा बदलतात. आई दरवेळी कूलरच्या पलीकडून तेच विचारते, "चालू मशीन कायले खोलतं वं?"

मी सिव्हिलची डिप्लोमावाली. घरूनच बिल्डरांना प्लॅन आणि थ्रीडी व्ह्यू काढून देते. लॅपटॉप २०१९च्या शेवटी घेतलेला, आय-५ ९३००एच प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ही ग्राफिक्सची चिप (जीपीयू). एका बंगल्याचा रेंडर (प्लॅनवरून खऱ्यासारखं चित्र बनवणं) लावला की दीड-दोन तास दोन्ही चिपा पूर्ण ताकदीने चालतात. बाहेर ४४-४५, खोलीत कूलर लावून ३१-३२. ज्याचं काम नुसतं टायपिंगचं आहे, त्याला यातलं बरंचसं कधीच लागणार नाही, आणि ते चांगलंच आहे.

आधी खरंच गरज आहे का ते बघा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका आणि नेहमीचं जड काम अर्धा तास चालवा. त्यात तापमान, प्रोसेसरची गती (क्लॉक स्पीड) आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे गती कमी होणं) असा रकाना दिसतो. माझ्या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच गती कमी करतो, जळत नाही. त्यामुळे लॅपटॉप 'बिघडलेला' वाटत नाही, फक्त चाळीस मिनिटांचं काम सव्वा तासावर जातं आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो. खोलीचं तापमानही लिहून ठेवा, कारण खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच वर सरकते. डिसेंबरातले आकडे मेमधल्या आकड्यांशी ताडून काही कळत नाही.

आकडे वाईट आले तरी लगेच पेस्टची ट्यूब मागवू नका. खालचं झाकण काढून पंखा आणि त्यासमोरची ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची जाळी यांच्या मधली फट बघा. तिथे धुळीचा नमदा बसलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही आणि बाहेरून हवा मारून निघतही नाही. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपमधून मी तो चिमट्याने अख्खा उचलला, अगदी बोटभर लांब पट्टी. नुसत्या तेवढ्याने त्याचे ११ अंश उतरले. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. गरगर फिरू दिलं तर बेअरिंग जातं, आणि फिरणारा पंखा उलट वीज तयार करून बोर्डावर पाठवतो.

नमदा काढूनही आकडे तसेच राहिले तर पुढचं वाचा.

सामान

पीएच-० आणि पीएच-०० असे फुलीच्या टोकाचे दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, आणि तुमच्या झाकणाला लागत असेल तर ताऱ्याच्या टोकाचा टॉर्क्स टी-५. बाजारात चाळीस तुकड्यांचा रंगीत डबा मिळतो, त्यातली टोकं मऊ असतात आणि स्क्रूचं डोकं गोल करून ठेवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'आयपीए' म्हटलं की देतात. भाच्याने विचारलं होतं, "आत्या, सॅनिटायझरनं पुसू का?" नाही. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते मागे राहतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण तर मुळीच नको, ॲसिटोनने प्लास्टिक विरघळतं. जुनी गिटारची पिक किंवा एटीएमचं रद्द झालेलं कार्ड, प्लास्टिकचा चिमटा, धागे न सुटणारं कापड, आणि जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर. व्हर्नियर सगळे विसरतात, आणि माझ्या मते तेच यातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार आहे. का, ते पुढे येईल.

आता पेस्ट. लोक यावर तासन्‌तास वाद घालतात. मुळात तिचं काम काय ते बघा. चिप आणि तांबं दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोघांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक, सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन. तांबं ४००च्या आसपास. ट्यूबवर पेस्टचा आकडा ५ ते १२ असा काहीतरी छापलेला असतो. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी आणि तांब्यापेक्षा कितीतरी वाईट. भिंतीला पुट्टी मारतो ती खळगे भरायला, भिंत जाड करायला नाही. हे एकदा डोक्यात बसलं की 'किती लावू' हा प्रश्न अर्धा सुटतो.

लॅपटॉपमध्ये आणखी एक भानगड आहे. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, लॅपटॉपची चिप उघडी असते. ती क्षणात तापते, क्षणात निवते, आणि या प्रसरण-आकुंचनात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. त्यामुळे डेस्कटॉपवर कौतुक झालेली एखादी पातळ, महाग पेस्ट लॅपटॉपात काही महिन्यांतच मान टाकते. लॅपटॉपसाठी घट्ट पेस्ट घ्या. आर्क्टिकची एमएक्स-६ किंवा नॉक्टुआची एनटी-एच२, यांतली कुठलीही चालेल, पण विश्वासाच्या दुकानातून.

मी स्वतः यंदा पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम-७९५० ही शीट लावली. ती साध्या तापमानाला पातळ रबरी कागदासारखी असते आणि ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन खळग्यांत शिरते, निवली की पुन्हा घट्ट. कडेला पळत नाही, हा तिचा खरा गुण. आमच्याकडे अडचण एवढीच की मे महिन्यात ती कुरियरच्या गाडीतच मऊ होईल. मी जानेवारीत मागवून ठेवली होती. या नावाने भलताच मालही विकला जातो, तेव्हा फार स्वस्त दिसली तर घेऊ नका.

लिक्विड मेटल नावाचा प्रकार ऐकला असेल. गॅलियमची मिश्रणं असतात. वीज वाहून नेतात, आणि ॲल्युमिनियमला लागली तर ते पोखरतात. एक थेंब बाजूला सांडला की बोर्ड गेला. तुमच्या लॅपटॉपात कंपनीनेच ते भरलेलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, जाणकाराकडे जा.

खोलणं

वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी वाचा. मग आपल्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल शोधा. डेल, लेनोवो, एचपी यांच्या बऱ्याच मॉडेलांच्या मॅन्युअल त्यांच्याच संकेतस्थळांवर असतात, आणि कुठला स्क्रू कुठे, कुठली पट्टी आधी, हे त्यात चित्रांसह असतं. व्हिडिओपेक्षा मला ती बरी वाटते, व्हिडिओवाला नेमकं अवघड ठिकाणी गाणं लावतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. टेबल रिकामं हवं, पंखा-कूलर बंद. पलंगावर बसून हे काम करू नये, एक स्क्रू गादीत गेला की गेला.

स्क्रूंसाठी मी माझ्या धंद्यातली युक्ती वापरते. थर्माकोलच्या तुकड्यावर झाकणाचा नकाशा काढते आणि प्रत्येक स्क्रू नकाशावर त्याच्या जागी टोचते. हा फक्त नीटनेटकेपणा नाही. एकाच झाकणाला दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर तो पलीकडे बोर्डात किंवा कीबोर्डात घुसतो.

सगळे स्क्रू काढूनही झाकण येत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. नंतर कार्ड फटीत घालून सगळीकडून हलके फिरवा, कुलपं टिकटिक करत सुटतात. झाकण एकदम उचलू नका, काही मॉडेलांत त्याला वायर जोडलेली असते.

आत पोचल्यावर पहिलं काम बॅटरीचं. तिचा कनेक्टर बोर्डापासून सोडवा, वायर धरून नाही, कनेक्टर धरून. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी फुगलेली दिसली तर इथेच थांबा. तिला टोचू-दाबू नका, आधी ती बदला.

आमच्याकडच्या कोरड्या हवेत नायलॉनचा कुर्ता घातला तरी ठिणगी उडते. सुती कपडे घाला, आणि अर्थिंगच्या धातूला हात लावून मग बोर्डाला हात लावा. घरातला नळ चालेल असं लोक सांगतात, पण मागची पाइप पीव्हीसीची असेल तर त्या नळाचा काही उपयोग नाही. मी जुन्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटचं उघडं लोखंड वापरते. त्याचा थ्री-पिन प्लग भिंतीत, बटण बंद.

हीटसिंक

हीटसिंक म्हणजे चिपांवर बसणारा, त्यांची उष्णता पंख्याकडे नेणारा तांब्याचा भाग. त्याच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. ते आवळायचा क्रम सांगतात. सोडताना उलट क्रमाने सोडायचे, आणि एक पूर्ण काढून मग दुसरा असं नाही, प्रत्येकाला थोडा-थोडा ढिला करत. चिप काचेसारखी ठिसूळ असते, एका कोपऱ्यावर भार आला की तिचा टवका उडतो. पंख्याच्या वायरी सोडवा. हीटसिंक चिकटून बसला असेल तर डावी-उजवीकडे किंचित हलवा, सरळ वर खेचू नका.

तो उचलला की काही पुसायच्या आधी दोन्ही बाजूंचे भरपूर फोटो काढा. कुठल्या भागावर पॅड आहे, कुठल्यावर नाही, कुठे तो अर्धा तुटून बोर्डाला चिकटला आहे, सगळं फोटोत यायला हवं. माझ्या मशीनमध्ये जीपीयूभोवती मेमरीच्या चार चिपा, त्यापलीकडे वीज नियंत्रित करणाऱ्या मॉसफेटची रांग आणि शेजारी चौकोनी करडे इंडक्टर (वीजपुरवठ्यातल्या तारेच्या गुंडाळ्या). या तिन्हींची उंची वेगळी. म्हणून त्यांच्यावरच्या पॅडची जाडीही वेगळी.

माझा घोळ इथेच झाला होता.

२०२२ साली मी एका दुकानात पेस्ट बदलायला दिली होती. त्याने चिपेवर आणि आजूबाजूला पांढरा लोण्यासारखा लेप दिला आणि फाटलेले जुने पॅड तसेच ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात मीच खोलला. वाटलं, पॅड म्हणजे काय, निळं रबर, जाड घेतलं तर दाबून बसेल. सगळीकडे दीड मिलिमीटरचे लावले. चालू केला तर दहा सेकंदांत प्रोसेसर १०० अंशांवर! आधी निदान पाच मिनिटं तरी तग धरायचा. पुन्हा खोलला तेव्हा दोन्ही चिपांवरची पेस्ट जशी लावली तशीच होती, मध्ये तांब्याचा ठसाच नाही. हीटसिंक चिपांवर नाही, पॅडांवर टेकला होता. पाट्याखाली खडा आला की पाटा डुगडुगतो, तसा.

उलटं केलं, म्हणजे पॅड पातळ घेतले, तर चिपेचं तापमान झकास दिसतं आणि मेमरी-मॉसफेट हवेत राहतात. हे जास्त धोक्याचं, कारण त्यांचं तापमान बऱ्याच लॅपटॉपात कुठे दिसतच नाही.

मग जाडी मोजायची कशी? जुना पॅड वर्षानुवर्षं दाबलेला असतो, त्याचा मधला भाग मोजून खरी जाडी मिळत नाही. चिपेच्या बाहेर लोंबणारी, न दबलेली कड असेल तर ती व्हर्नियरमध्ये अलगद धरून मोजा. पॅड बाजारात ०.५, १, १.५, २ अशा जाडीत मिळतात, तेव्हा कड ०.९५ आली की तो १चा समजा.

कड शिल्लकच नसेल, माझ्यासारखी, तर मुलांची खेळायची क्ले घ्या. कणीक नको, तिच्यात पाणी असतं. हरभऱ्याएवढी गोळी स्वयंपाकघरातल्या पातळ चिकटफिल्ममध्ये गुंडाळा आणि ज्या भागाची फट मोजायची आहे त्यावर ठेवा. चिपांवर पेस्टचा पातळ थर द्या, हीटसिंक ठेवून क्रमाने स्क्रू आवळा, पुन्हा सोडा. गोळीची चपटी टिकली झालेली असेल. तिची जाडी म्हणजे फट. पॅड त्याहून थोडा जाड घ्यायचा, म्हणजे तो वीस-तीस टक्के दबून बसतो. माझी मेमरीवरची फट ०.८ निघाली, तिथे १चा पॅड. मॉसफेटवर १.२, तिथे १.५चा. इंडक्टरवर ०.४, तिथे ०.५चा.

पॅड घेताना पाकिटावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. उष्णता जास्त वाहून नेणारे काही पॅड कडक असतात, ते दबत नाहीत आणि जाडी बरोबर असूनही हीटसिंक उचलून धरतात. बोटाने चिमटल्यावर मऊ लागणारा, मध्यम आकड्याचा पॅड लॅपटॉपात जास्त कामाचा. थर्मल पुटी नावाचा घट्ट लोणीवजा प्रकारही मिळतो. तो हव्या त्या फटीत दबून बसतो, मोजायची कटकट नाही. काढताना मात्र राडा होतो.

पुसणं आणि लावणं

जुनी पेस्ट आधी कोरड्या कापडाने उचला, मग आयपीएने ओलसर केलेल्या कापडाने चिप आणि तांबं दोन्ही पुसा. कापड बदलत राहा, शेवटच्या फडक्यावर डाग येता कामा नये. चिपेच्या भोवती बाजरीच्या दाण्याहून लहान कपॅसिटर असतात, तिथे धातूचं टोक नेऊ नका. त्यांच्या मधली पेस्ट पूर्ण निघाली नाही तरी चालेल, वीज न वाहणारी साधी पेस्ट तिथे काही नुकसान करत नाही. आयपीए पाच मिनिटं उडू द्या.

आधी पॅड. कात्रीने चिपेच्या मापाचे कापा. दोन्ही बाजूंना फिल्म असते. एक काढून चिकटवायचा, मग वरची काढायची. वरची राहून जाते! कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन फिल्म मी बशीत टाकते आणि शेवटी मोजते. नऊ तुकडे, अठरा फिल्म. जुन्या पॅडच्या जागेशिवाय नव्या ठिकाणी 'असू द्या, थंडच होईल' म्हणून पॅड वाढवू नका.

पेस्ट लावत असाल तर उघड्या चिपेवर ती कार्डाने सगळीकडे पसरवा, खालचं चकाकणं जेमतेम झाकेल इतकी. डेस्कटॉपवाले मध्ये एक ठिपका देऊन सोडतात, पण इथे कोपरा कोरडा राहिला तर तोच कोपरा तापतो. शीट असेल तर ती दहा-पंधरा मिनिटं फ्रिजरमध्ये ठेवा, मग फिल्म सुटी निघते. चिपेच्या मापाने कापा, ठेवा, हलकं दाबा. फाटली तर तुकडे जोडून लावले तरी वितळल्यावर एक होतात.

हीटसिंक सरळ वरून खाली आणा, एकदा टेकला की सरकवू नका. १ पासून क्रमाने प्रत्येक स्क्रू दोन-दोन आटे, असं फिरत फिरत. स्क्रू स्वतःहून थांबला की तुम्हीही थांबा. पहिल्यांदा करणाऱ्याला मी सांगेन की आता पुन्हा एकदा सोडून ठसा बघा: दोन्ही चिपांवर पेस्ट सारखी दबलेली, प्रत्येक पॅडवर चौकोन उमटलेला. नसेल तर पॅड बदला, असेल तर पेस्ट नव्याने पसरून बंद करा. शीटवाल्यांनी हा ठसा साध्या पेस्टने आधीच बघून घ्यावा, शीट पुन्हा उचलता येत नाही.

पंख्याच्या वायरी जोडा, शेवटी बॅटरी. पंख्याची वायर विसरून झाकण लावण्याचा मान आमच्या भाच्याला मिळालेला आहे. म्हणून झाकण लावायच्या आधी एकदा चालू करून पंखा फिरतो का बघायचं, मग बंद करून, बॅटरी सोडून, सगळं पुन्हा तपासून, बॅटरी जोडून झाकण.

चाचणी

तेच काम, तितकाच वेळ, शक्य तो खोलीचं तेच तापमान. काम चालू करताच प्रोसेसर काही सेकंदांत नव्वदीपार गेला आणि काम थांबवल्यावर तितक्याच झटक्यात खाली आला, तर पेस्ट वाईट नाही, चिप आणि तांबं टेकलेलं नाही. प्रोसेसरच्या आतल्या भागांपैकी (कोर) एखादाच बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर असेल तर हीटसिंक तिरका बसलाय. शीट लावली असेल तर पहिल्या दिवशीच्या आकड्यांवर जाऊ नका, दोन-चार वेळा तापून निवली की आणखी काही अंश उतरतात.

माझे आकडे: खोली ३१, आधी ९८-९९ आणि गती २.६ गिगाहर्ट्झवर घसरलेली. आता तोच रेंडर ८४ला, ३.६च्या आसपास. बंगल्याचा तो व्ह्यू दीड तासाऐवजी एक तास पाच मिनिटांत निघाला. आईला हे दाखवलं तर ती म्हणाली पंख्याचा आवाज अजून येतोच. येणारच, पूर्ण ताकदीवर चालतो तेव्हा तो गप्प बसत नाही.

झाकण लावायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला मी कागदी चिकटपट्टी लावून मार्करने लिहून ठेवते. यंदाची पट्टी अशी: चैत्र, पीटीएम शीट. मेमरी १.०, मॉसफेट १.५, इंडक्टर ०.५. उजवीकडचा मधला स्क्रू आखूड.